सेवायात्रा विमानतळावर संपत नाही

गेल्या रविवारी दुपारी आमच्या गावातील चर्चचे पाळकसाहेब दवाखान्यात आले. सोबत तरुण संघाचे दोन कार्यकर्ते होते आणि हातात चौदा फॉर्म. संघातील तेरा मुले-मुली आणि स्वतः पाळकसाहेब असे चौदा जण केनिया देशात अठरा दिवसांसाठी सेवाकार्याला निघाले आहेत. पश्चिम केनियातील किसुमू शहराजवळच्या एका खेड्यात तिथल्या मंडळीची शाळा आहे. तिच्या दोन वर्गांना रंग द्यायचा, मुलांचे शिबिर घ्यायचे आणि दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात मदत करायची, असा बेत आहे. प्रत्येक फॉर्मवर ‘प्रवासास योग्य’ असे लिहून मी सही-शिक्का द्यावा, एवढेच काम होते.

“डॉक्टरसाहेब, पोरं धडधाकट आहेत. पाच मिनिटांचं काम आहे,” पाळकसाहेब म्हणाले.

मी सही केली नाही. “निघायला किती दिवस आहेत?” असे विचारले. “दीड महिना,” असे उत्तर आले आणि मला हायसे वाटले. तसे का वाटले, ते आज वाचकांना सांगणार आहे.

याच संघाची पहिली तुकडी २०१४ साली केनियाला गेली होती. तेव्हा फॉर्म माझ्याकडे आले ते निघण्याच्या चार दिवस आधी. पीतज्वराची लस त्यांनी मुंबईत टोचून घेतलेली होती. मी मलेरियाच्या गोळ्या लिहून दिल्या, सह्या केल्या आणि विसरून गेलो. तुकडी सुखरूप परत आली. चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, फोटो निघाले.

त्यानंतर बाराव्या दिवशी त्यातला एक बावीस वर्षांचा मुलगा अंगात ताप घेऊन माझ्याकडे आला. ऑगस्ट महिना होता. दवाखान्यात रोज तीस-चाळीस तापाचे रुग्ण येत होते. अंगदुखी, डोकेदुखी, थंडी. मी साथीचा ताप समजून पॅरासिटामॉल दिले व विश्रांती घ्यायला सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याला जीपमधून आणले तेव्हा डोळे पिवळे झाले होते, उलट्या थांबत नव्हत्या आणि तो असंबद्ध बोलत होता. आई रडत म्हणाली, “डॉक्टर, आफ्रिकेत अठरा दिवस राहून काही झालं नाही हो, आणि घरी येऊन हे काय झालं?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या फॉर्मवर सही माझीच होती. बोटातून रक्त घेऊन तपासणी केली, तर फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया निघाला. तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. मूत्रपिंडे बंद पडत आली होती; दोनदा डायलिसिस करावे लागले. मुलगा वाचला. पण ते तीन दिवस माझ्या चुकीने गेले होते. मी एक प्रश्न विचारला नव्हता : “गेल्या काही महिन्यांत कुठे बाहेरगावी गेला होतास का?”

आणखी एक चूक होती. गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्यायच्या, हे मी चिठ्ठीवर लिहिले होते, पण समजावून सांगितले नव्हते. घरी पोचल्यावर त्याला वाटले, आता कशाला? राहिलेल्या गोळ्या त्याच्या बॅगेतच सापडल्या.

परतल्यावरही गोळ्या का?

मलेरियाचा डास चावला की जंतू अर्ध्या-एक तासात यकृतात जाऊन बसतात. तिथे साधारण आठवडाभर त्यांची गुपचूप वाढ होते. या काळात माणसाला काहीही त्रास होत नाही, रक्त तपासले तरी काही सापडत नाही. मग ते यकृतातून बाहेर पडून रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात आणि तापाला सुरुवात होते. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन ही औषधे मुख्यतः रक्तात आलेल्या जंतूंवर काम करतात. म्हणजे परतीच्या आदल्या रात्री डास चावला असेल, तर जंतू रक्तात येईपर्यंत आपण घरी येऊन आठवडा लोटलेला असतो. त्या वेळी रक्तात औषध नसेल, तर जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून चार आठवडे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आफ्रिकेत जाणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावे.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : “आपण भारतातले लोक, आपल्याला मलेरियाची सवय आहे.” ही समजूत चुकीची आहे. वारंवार मलेरिया होत राहिला, तरच शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती येते. तीही अपुरी असते आणि काही काळाने ओसरते. आपल्याकडच्या बहुतेक तरुणांना मलेरिया कधी झालेलाच नसतो. शिवाय आपल्याकडे व्हायवॅक्स हा तुलनेने सौम्य प्रकारही बराच आढळतो, तर पूर्व आफ्रिकेत मुख्यतः फॅल्सिपेरम आढळतो. तो मेंदू, मूत्रपिंड व फुप्फुसांवर घाला घालतो आणि उपचारास उशीर झाला तर दोन-तीन दिवसांतही प्राण घेऊ शकतो. जगातील मलेरियाच्या दर १०० रुग्णांपैकी ९० हून अधिक आफ्रिकेत असतात. केनियातही व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा प्रदेश, म्हणजे ही मुले जाणार तोच भाग, मलेरियासाठी सर्वांत जास्त धोक्याचा आहे. जुनी क्लोरोक्विनची गोळी तिथल्या मलेरियाला लागू पडत नाही.

कोणती गोळी कोणाला द्यायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. डॉक्सिसायक्लिन रोज एक घ्यावी लागते. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरुवात करायची. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. ती घेत असताना उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून डोक्यावर टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. गरोदर स्त्रियांना ही गोळी देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि फेफरे किंवा मानसिक आजार असलेल्यांना चालत नाही. निघण्याआधी दीड महिना डॉक्टरकडे जा, असे मी म्हणतो ते यासाठी.

गोळी घेतली म्हणजे डास चावला तरी चालेल, असेही नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. रात्रीची प्रार्थना, शेकोटीभोवतीची गाणी हीच नेमकी त्याची वेळ. पूर्ण बाह्या, पायांत मोजे, अंगाला डासरोधक मलम आणि झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी कडेने गादीखाली खोचून घेणे, हे रोज पाळावे.

पीतज्वराचे पिवळे कार्ड

केनियाला जाणाऱ्या प्रत्येकाने पीतज्वराची लस घेणे आवश्यक आहे. २०२२ साली केनियाच्या इसिओलो भागात या रोगाची साथ जाहीर झाली होती. आपले सरकार याबाबत फार कडक आहे आणि त्याला सबळ कारण आहे. पीतज्वर आपल्या देशात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंगीचाच डास, आपल्या प्रत्येक गावातल्या पाण्याच्या टाकीत आणि टायरमध्ये आहे. लोकांत प्रतिकारशक्ती नाही. एक आजारी प्रवासी आला आणि त्याला इथला डास चावला, तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून अशा देशातून वैध प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांतच ती देतात. मुंबईत बंदर आणि विमानतळ यांच्या आरोग्य विभागांची केंद्रे आहेत. आधी वेळ ठरवून जावे लागते, सोबत पासपोर्ट लागतो. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते, कारण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती यायला तेवढे दिवस लागतात. पूर्वी या कार्डाची मुदत दहा वर्षे होती. २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. त्यामुळे २०१४ साली ज्यांनी लस घेतली, त्यांना पुन्हा टोचून घेण्याची गरज नाही. फक्त जुने कार्ड शोधून ठेवावे.

अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांना व गरोदर स्त्रियांना ही लस विचारपूर्वक द्यावी किंवा टाळावी लागते. वयाची साठ वर्षे उलटल्यावर पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत क्वचित गंभीर दुष्परिणाम दिसतात. आमचे पाळकसाहेब बासष्टचे आहेत आणि २०१४ साली ते गेले नव्हते. “म्हणजे माझंच अडलं म्हणायचं,” असे म्हणून ते हसले. पण लसीकरण केंद्रातील डॉक्टरांशी बोलूनच पुढे जायचे, असे आम्ही ठरवले.

याखेरीज विषमज्वराची एका डोसाची लस, कावीळ अ आणि ब यांच्या लशी आणि दहा वर्षांत घेतली नसेल तर धनुर्वाताची लस, एवढे पाहावे. गोवराची लस लहानपणी घेतली होती का, हे घरी विचारून यावे. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, त्याने थुंकी तपासल्याशिवाय जाऊ नये. आपण लहान मुलांत बसणार आहोत. तिथून आजार आणू नये, तसाच इथून नेऊही नये.

सरोवराचे पाणी

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वसलेले आहे. एवढे पाणी पाहून आपल्याकडच्या पोरांना पोहण्याचा मोह होणार. तो आवरावा. या पाण्यात एका प्रकारच्या गोगलगाई असतात आणि त्यांच्या शरीरात वाढलेले बिलहार्झिया नावाचे कृमी पाण्यात सुटतात. ते धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. पाणी पिण्याचीसुद्धा गरज नाही, गुडघाभर पाण्यात उभे राहणे पुरते. पुढे लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, पोटदुखी, यकृताचे विकार असा त्रास सुरू होतो. आपल्या देशात हा रोग जवळजवळ नाही. याला ठळक अपवाद म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदले गेलेले गाव आपल्याच महाराष्ट्रातले आहे : रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी. १९५० च्या दशकात तिथे लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले होते. म्हणूनच आपल्याकडच्या डॉक्टरच्या मनात हा रोग सहसा येत नाही. सरोवरात बाप्तिस्म्याचा विधी असेल, तर पाहुण्यांनी काठावर उभे राहावे. चुकून पाण्यात उतरणे झालेच, तर परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. प्राझिक्वांटेल या औषधाने हा रोग बरा होतो.

पिण्याचे पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतले असावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनी लगेच सुरू करावी. प्रत्येकाजवळ चार-पाच पाकिटे असावीत. कुत्रा किंवा माकड चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी. “परत गेल्यावर बघू” असे म्हणू नये. आणि परदेशात प्रवाशांचे जीव रस्त्यावरही जातात, हे विसरू नये. रात्रीचा प्रवास टाळावा, गाडीत पट्टा लावावा, टपावर किंवा मालाच्या गाडीत बसू नये.

आरोग्य शिबिरात काय करावे?

इथे मला थोडे स्पष्ट बोलावे लागले. या तुकडीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे आणि फार्मसीचा एक मुलगा. बाकी कोणी शिक्षक, कोणी कॉलेजचे विद्यार्थी. “तिथं डॉक्टर कमी आहेत, आम्ही इंजेक्शनं द्यायला शिकून जातो,” असे एकाने उत्साहाने सांगितले. मी त्याला विचारले, “इथं आपल्या गावात तू कुणाला इंजेक्शन देशील का?” तो गप्प बसला. जे काम इथे करण्याची आपल्याला परवानगी नाही, ते तिथला माणूस गरीब आहे म्हणून तिथे करता येत नाही. माझी एम.बी.बी.एस. पदवीसुद्धा तिथल्या परवान्याशिवाय केनियात चालत नाही. शिवाय वापरलेली सुई टोचली गेली, तर एचआयव्ही आणि कावीळ ब यांचा धोका असतो. तसे घडलेच तर जखम साबणाने धुऊन ताबडतोब, फार तर ७२ तासांच्या आत, एचआयव्ही-प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते.

मग करावे काय? पुष्कळ काही. केसपेपर लिहिणे, रांग लावणे, मुलांची उंची-वजने घेणे, म्हाताऱ्यांना हात धरून आत नेणे, मुलांना हात धुण्याचे गाणे शिकवणे. शिबिरात डॉक्टरचा अर्धा वेळ या कामांअभावी वाया जातो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट औषधांची. संघाने गावातून उरलीसुरली औषधे गोळा करून दोन सुटकेस भरल्या होत्या. त्यात अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या होत्या, डॉक्टरांना मिळालेले नमुने होते आणि दोन महिन्यांत मुदत संपणारी सिरपे. मी ती सगळी बाजूला काढायला लावली. औषधांचे दान देण्याचेही नियम आहेत. घेणाऱ्याने मागितलेले तेच द्यावे, पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि कोणा रुग्णाकडून परत आलेले औषध देऊ नये. आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला देणे याला दान म्हणत नाहीत. तिथल्या दवाखान्याला पत्र पाठवून यादी मागवावी, आणि शक्य तर पैसे पाठवावेत, म्हणजे ते तिथेच औषधे विकत घेतील.

हे सारे ऐकून पाळकसाहेब म्हणाले, “पूर्वीचे मिशनरी एवढा विचार करून निघत होते का हो?” प्रश्न चांगला होता. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आले आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारले. तेव्हा पटकी कशाने होते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. क्षार आणि साखर घातलेले पाणी माणसाला वाचवते, हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्यांच्यापाशी ज्ञान नव्हते, म्हणून त्यांनी जीव धोक्यात घातला. आपल्यापाशी ते आहे, आणि ते वापरले नाही तर त्याला श्रद्धा म्हणता येणार नाही. शिवाय तुकडीतला एक जण आजारी पडला, तर यजमानांची सगळी धावपळ त्याच्यासाठी होते. ज्या दवाखान्यात मदत करायला गेलो, तिथलीच एक खाट आपण अडवून बसतो.

परतल्यावर

आता सर्वांत महत्त्वाचे. पुढील गोष्टी चौदाही जणांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात.

१. मलेरियाच्या गोळ्या ठरल्याप्रमाणे परतल्यावरही चालू ठेवाव्यात. तुकडीतल्या एकाकडे त्याची वही असावी.

२. परतल्यापासून तीन महिन्यांत ताप आला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मलेरिया समजावा. गोळ्या नियमित घेतल्या असतील तरीही. त्याच दिवशी रक्त तपासावे. तीन महिन्यांनंतरही, वर्षभरात केव्हाही ताप आला तर प्रवासाचा उल्लेख जरूर करावा, कारण मलेरियाचे काही प्रकार उशिरा डोके वर काढतात.

३. पहिली तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नये. ताप कायम असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असे निदान तीनदा रक्त तपासावे.

४. कावीळ, श्वास लागणे, लघवी कमी होणे, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर गावात वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे आर्टिसुनेटचे इंजेक्शन मिळते आणि वेळेवर मिळाले तर त्याने जीव वाचतो.

५. डॉक्टरने विचारले नाही, तरी आपण होऊन सांगावे : “मी आफ्रिकेतून आलो आहे.” आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी असते. आम्ही विसरतो. मी विसरलो होतो.

रविवारी फॉर्म घेऊन आलेल्या दोघा कार्यकर्त्यांपैकी एक जण २०१४ चा तोच मुलगा होता. आता तो बत्तिशी ओलांडून गेला आहे, शाळेत शिक्षक आहे आणि या तुकडीचा प्रमुख म्हणून पुन्हा त्याच गावी निघाला आहे. त्याची आई या खेपेला त्याला सोडायला तयार नव्हती. मी तिला बोलावून वरील सर्व समजावले, तेव्हा ती म्हणाली, “गोळ्यांची वही माझ्याजवळ राहील.” मी ती तिच्याकडेच सोपवली आहे.

त्या मुलाने स्वतःच एक कल्पना सुचवली आणि ती मला फार पटली. चौदा जणांसाठी खिशात मावतील अशी चौदा कार्डे आम्ही छापून घेत आहोत. त्यावर परतीची तारीख आणि रक्तगट लिहिण्यासाठी जागा आहे आणि खाली मजकूर आहे : “मी केनियातून परतलो आहे. मला ताप असल्यास कृपया आजच मलेरियासाठी रक्त तपासावे.”

लसी पूर्ण झाल्या, गोळ्या प्रत्येकाच्या हाती पडल्या आणि ही कार्डे खिशात गेली, की मी फॉर्मवर सह्या करणार आहे. तुकडीला मनापासून शुभेच्छा!